होम्बुर्गचा प्रिन्स: पाच समीक्षक पाच गोष्टी सांगतात तेव्हा वाचायचं कसं

जर्मन नाटकं वाचणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ येतेच. नाटक वाचून झालेलं असतं, आवडलेलं असतं, शेवट डोक्यात घोळत असतो, आणि मग आपण त्याच्यावरचे चार लेख उघडतो आणि सगळं विस्कटून जातं. एक म्हणतो हे शिस्तीचं नाटक, दुसरा म्हणतो शिस्तीवरचा सगळ्यात मोठा घाव, तिसरा म्हणतो अहो हे स्वप्न आहे, जागेपणीचं यात काही नाहीच. हाइन्रिश फॉन क्लाइस्टच्या 'प्रिन्स फ्रीडरिश फॉन होम्बुर्ग' बद्दल तर हे दोनशे वर्षं चालू आहे आणि भांडणारे सगळेच हुशार आहेत, म्हणून 'यातला बरोबर कोण' हा प्रश्न आधी बाजूला ठेवा, त्याने सुरुवात केली की माणूस जो लेख शेवटी वाचला त्याचाच होऊन जातो. मी स्वतः असा तीनदा पलटलोय. त्याऐवजी प्रत्येक समीक्षकाला एकच गोष्ट विचारायची, बाबा तू नाटकातल्या कुठल्या ओळीवर उभा आहेस? प्रत्येकाचा एक लाडका प्रवेश असतो, तो सापडला की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं काम म्हणजे त्याला हाताला धरून अशा प्रवेशात नेणं जिथे त्याला जायचं नसतं.

गोष्ट थोडक्यात सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. १६७५, फेहरबेलिनची लढाई, ब्रांडेनबुर्ग विरुद्ध स्वीडन. लढाईच्या आदल्या रात्री तरुण प्रिन्स बागेत झोपेत चालत आलाय आणि स्वतःसाठी लॉरेलच्या पानांचा, विजेत्याला घालतात तसा, मुकुट गुंफतोय. इलेक्टर, म्हणजे ब्रांडेनबुर्गचा राज्यकर्ता, लोकांना घेऊन तिथे येतो आणि गंमत म्हणून त्या मुकुटाला आपल्या गळ्यातली साखळी गुंडाळून तो आपल्या भाचीच्या, नातालीच्या हातात देतो. प्रिन्स झोपेतच तिच्या मागे जातो, तिला नवरी म्हणतो, इलेक्टरला बाप म्हणतो, आणि हाताला लागतो फक्त तिचा एक हातमोजा. नंतर लढाईचे हुकूम सांगितले जात असताना याचं सगळं लक्ष त्या हातमोज्यात. रणांगणावर हुकूम यायच्या आधीच घोडदळ घेऊन तुटून पडतो, आणि जिंकतो. इलेक्टर म्हणतो हुकूम मोडला, कोर्ट मार्शल, मृत्युदंड. प्रिन्सने स्वतःची खणलेली कबर बघितल्यावर तो पार कोसळतो, जिवाची भीक मागतो, नातालीवरचा हक्कसुद्धा सोडायला तयार होतो. नाताली मामाकडे जाते, मग इलेक्टर प्रिन्सला चिठ्ठी पाठवतो की तुझ्यावर अन्याय झालाय असं तुला वाटत असेल तर दोन शब्दांत कळव, तलवार परत देतो. आणि इथे प्रिन्स फिरतो, म्हणतो शिक्षा बरोबर आहे, मी मरायला तयार आहे. शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला त्याच बागेत आणतात, तो मरणाची वाट बघतोय, आणि पट्टी काढल्यावर समोर नाताली, तोच मुकुट, तीच साखळी. तो बेशुद्ध पडतो, तोफांच्या आवाजाने जागा होतो, विचारतो हे स्वप्न आहे का. म्हातारा कर्नल कोटविट्झ म्हणतो, स्वप्न, दुसरं काय.

आता पहिली पायरी, आणि ही चुकवू नका. लेख उघडायच्या आधी नाटक दोनदा वाचा आणि दुसऱ्या वेळी पेन्सिल हातात ठेवा. संवादांपेक्षा रंगसूचनांवर जास्त खुणा करा. क्लाइस्ट रंगसूचना फार तोलून लिहितो, पात्र तोंडाने जे सांगत नाही ते तो कंसात एका शब्दात सांगून जातो. उदाहरण चौथ्या अंकाच्या सुरुवातीचं घ्या. नाताली मामाला सांगते की प्रिन्स आता फक्त जगायचं म्हणतोय, मान-अपमान काही राहिलेला नाही. तिथे इलेक्टरच्या नावापुढे कंसात लिहिलंय, अत्यंत आश्चर्याने. मग तो विचारतो, काय, तो दयेची याचना करतोय? पहिल्या वाचनात मी हा कंस बघितलाच नव्हता. मला सरळ वाटलं होतं की इलेक्टरचं सगळं आधीच ठरलेलं आहे, तो एका उतावळ्या पोराला धडा शिकवतोय आणि माफी पहिल्यापासून त्याच्या खिशात आहे. नंतर तो कंस दिसला आणि प्रश्न पडला की सगळं ठरवून करणारा माणूस असा थक्क का होईल? या एका कंसावर लोकांनी अख्खे लेख लिहिलेत, आणि ते बरोबरच आहे.

अशा वादाच्या जागा एका कागदावर काढा. माझ्या कागदावर सहा-सात आहेत: बागेतली चेष्टा, हुकूम घेतानाचा हातमोजा, कबरीनंतरची भीती, इलेक्टरचं थक्क होणं, चिठ्ठी, पाचव्या अंकातला कोटविट्झचा युक्तिवाद, आणि शेवट. तुमच्या वेगळ्या असतील तर उत्तमच. मग लेख वाचायला बसा आणि प्रत्येक लेखाच्या समोर लिहा की हा यातल्या कुठल्या जागेवर घर करून बसलाय.

हे केलं की गर्दी पटकन कमी होते. शंभर लेख असले तरी घरं चार-पाचच निघतात. सगळ्यात जुनं आणि सगळ्यात मोठं घर शिक्षणवाल्यांचं, म्हणजे इलेक्टर हा शहाणा राजा आणि प्रिन्स हा शिकणारा मुलगा, मी-मी करणाऱ्याला कायदा समजतो आणि तो स्वतःहून कायद्यापुढे मान झुकवतो. यांचा लाडका प्रवेश अर्थात चिठ्ठीचा. आणि तो प्रवेश खरंच जबरदस्त आहे हो, प्रिन्स आधी घाईघाईत उत्तर लिहायला घेतो, मग तो कागद फाडतो, परत चिठ्ठी वाचतो, आणि त्याला कळतं की निकाल आपल्याच हातात दिलाय. नाताली शेजारी उभी राहून सही कर म्हणून जीव तोडून सांगते आणि हा नाही म्हणतो, तेव्हा ती त्याचं चुंबन घेते आणि म्हणते बारा गोळ्यांनी तू आत्ता मातीत गेलास तरी मी म्हणेन की तू मला आवडतोस. हे वाचून शिक्षणवाल्यांचं पटलं नाही असा माणूस विरळा. हेबेलसारखा मोठा नाटककारसुद्धा म्हणून गेलाय की इतर शोकांतिकांना जे गाठायला मरण लागतं ते इथे नुसत्या मरणाच्या भीतीने गाठलं जातं.

दुसरं घर हृदयवाल्यांचं. यांच्या मते क्लाइस्टला कायदा नाही, माणसाच्या आतली खात्री महत्त्वाची. रणांगणावर कोटविट्झ विचारतो हुकूम कुठे आहे, तर प्रिन्स म्हणतो हृदयाकडून अजून मिळाला नाही का तुला? ही यांची ओळ. गेरहार्ड फ्रिकेचं १९२९ चं क्लाइस्टवरचं पुस्तक या बाजूचं फार वजनदार पुस्तक मानलं जातं. तिसरं घर स्वप्नवाल्यांचं, त्यांना पहिला आणि शेवटचा प्रवेश पुरतो, मधलं सगळं ते त्या दोन बागांच्या मध्ये बसवतात. चौथं राजकारणवाल्यांचं, ते नाटक त्याच्या काळाच्या राजकारणात ठेवून वाचतात. आणि पाचवं बाप-मुलगा वाचणाऱ्यांचं, ते झोपेतल्या 'माझे बाप' या हाकेपासून सुरू करतात, इलेक्टर एका हाताने मुकुट दाखवतो आणि दुसऱ्या हाताने कबर, त्यावर त्यांचं सगळं उभं आहे. याच्यावर मी जास्त लिहीत नाही, चांगलं केलं तर खूप चांगलं होतं, पण बहुतेक वेळा नाटक मागे राहतं आणि सिद्धांतच पुढे येतो.

आता दुसरं निम्मं काम, नको त्या प्रवेशात नेणं. शिक्षणवाल्याला घेऊन जा नातालीच्या हुकमाकडे. चौथ्या अंकात ही मुलगी, जी एका ड्रॅगून, म्हणजे घोडेस्वार सैनिकांच्या, रेजिमेंटची नावापुरती प्रमुख आहे, मामाला न विचारता स्वतःच्या सहीने कोटविट्झला रेजिमेंटसकट फेहरबेलिनला बोलावून घेते. म्हणजे सैन्य हलवलं, वरच्या हुकमाशिवाय, आणि तेसुद्धा एका हुकूम मोडणाऱ्याला वाचवायला! कायदाच सगळं असेल तर इथे काय व्हायला पाहिजे होतं? आणि इलेक्टर काय करतो, कोटविट्झने कागद दाखवल्यावर बघतो, कळतं, आणि जणू आपल्याला माहीतच होतं असं सावरून घेतो. शिक्षा नाही, चौकशी नाही. मी जेवढे शिक्षणवाले लेख वाचलेत त्यातल्या बहुतेकांनी या कागदावरून उडीच मारलीय.

हृदयवाल्याला कबरीनंतरच्या प्रवेशात न्या. हृदय जर इतकं पक्कं असेल तर तिथे ते कुठे गेलं? तिथे प्रिन्स म्हणतो कबर बघितल्यापासून मला फक्त जगायचंय, मानाने की कसं ते मी विचारतसुद्धा नाही. आणि त्याला पाचव्या अंकातही न्या, जिथे इलेक्टर सांगतो की नशिबाने कुशीत टाकलेला विजय मला नको, कायदा माझ्या मुकुटाची आई आहे, तिने मला विजयांची अख्खी पिढी दिलीय. ही ओळ हलकी नाही. शिवाय हिशेबही आहे तिच्या मागे, प्रिन्स थांबला असता तर पूल ताब्यात आले असते आणि स्वीडिश सैन्य निसटलंच नसतं असं इलेक्टरचं म्हणणं आहे. कोटविट्झ त्याला तोडीस तोड उत्तर देतो, की सर्वात वरचा कायदा म्हणजे तुमच्या इच्छेचं अक्षर नव्हे, तो म्हणजे देश, मुकुट, तुम्ही स्वतः. मग प्रिन्सचा मित्र होहेनझोलर्न म्हणतो मूळ दोष तर तुमचाच, बागेत चेष्टा कोणी केली? त्यावर इलेक्टर उसळून म्हणतो, मला बागेत बोलावलं कोणी, तूच ना! मला हा सगळा प्रवेश नाटकाचं हृदय वाटतो, कारण इथे क्लाइस्ट कोणालाच हरू देत नाही, प्रत्येकाच्या तोंडी त्याचं सर्वात चांगलं म्हणणं देतो. तेव्हा कुठलाही लेख वाचताना बघा की त्याने या प्रवेशातली एकच बाजू उचललीय का. उचलली असेल तर तिथे पेन्सिलने खूण.

स्वप्नवाल्याला नेणं सगळ्यात अवघड, कारण तो कुठेही नेलं तरी म्हणतो हे पण स्वप्नच. त्याला लढाईच्या तपशिलात न्यायचं, पुलांच्या त्या हिशेबात, स्वीडिश राजदूताच्या पासात, म्हणजे त्याच्या प्रवासाच्या परवान्यात. स्वप्नात इतकी कागदपत्रं नसतात. पण त्याचं श्रेय त्याला द्यायचं, झोपेत चालणं ही क्लाइस्टने सहज घातलेली गोष्ट नव्हती, ड्रेसडेनमध्ये त्याने शूबर्ट नावाच्या अभ्यासकाची निसर्गाच्या 'रात्रीच्या बाजू'बद्दलची व्याख्यानं ऐकली होती आणि ती १८०८ मध्ये छापूनही आली. तत्त्वज्ञ हेगेलला नेमकं हेच खटकलं होतं, सेनापती आणि झोपेत चालणारा, हे काय! त्याच नाटकावर कवी हाइने मात्र जीव टाकायचा. म्हणजे भांडण आजचं नाही.

पुढची पायरी, समीक्षकाची तारीख बघा. मत खोडायला म्हणून हे करायचं नाही, फक्त तो कुठे उभा राहून बोलतोय ते कळावं म्हणून. क्लाइस्टने हे लिहिलं तेव्हा प्रशिया, म्हणजे ब्रांडेनबुर्गचंच पुढचं राज्य, १८०६ ला येनाला नेपोलियनकडून चिरडली गेली होती, १८०९ मध्ये शिल नावाचा मेजर हुकमाशिवाय आपली रेजिमेंट घेऊन फ्रेंचांवर चालून गेला आणि श्ट्रालझुंडला मारला गेला. क्लाइस्ट स्वतः सैनिकी घराण्यातला, चौदाव्या वर्षी सैन्यात गेलेला आणि १७९९ ला सोडून आलेला. नाटक त्याने होम्बुर्ग घराण्यातून आलेल्या राजकन्येला अर्पण केलं आणि त्याचा प्रयोग न बघताच २१ नोव्हेंबर १८११ ला बर्लिनजवळच्या वान्झे तळ्याच्या काठी स्वतःला संपवलं. पहिला प्रयोग १८२१ मध्ये व्हिएन्नाला, तोही 'फेहरबेलिनची लढाई' या दुसऱ्याच नावाने, आणि लवकरच बंद. बर्लिनला १८२८ मध्ये झाला तोही राजाने थांबवला. कारण काय, तर प्रशियाचा अधिकारी रंगमंचावर मरणाला घाबरतो! पुढे एकोणिसाव्या शतकात हेच नाटक देशभक्तीचं म्हणून गाजलं तेव्हा तो भीतीचा प्रवेश कितीतरी वेळा कापला जायचा. आता विचार करा, ज्याने तो प्रवेश कापलेला प्रयोग बघितलाय त्याला ते शिस्तीचं नाटक वाटणारच ना? नाझी काळात ते आज्ञापालनाचं नाटक झालं. नाटककार ब्रेष्टने त्याच सुमाराला या नाटकावर एक सुनीत लिहिलं, त्यात मुकुटाच्या लॉरेलच्याच काठीने माणसाचा कणा मोडल्याचं चित्र आहे. मग १९५१ ला फ्रान्समध्ये आविन्यॉंला दिग्दर्शक जाँ व्हिलारने नट जेरार फिलिपला घेऊन हेच केलं आणि तिथे प्रिन्स कोवळा स्वप्नाळू मुलगा झाला, युद्ध संपून सहाच वर्षं झालेल्या देशात, जर्मन सैनिकाचं नाटक. आणि १९७२ ला दिग्दर्शक पेटर श्टाइनने बर्लिनला नट ब्रूनो गान्झला घेऊन केलं तेव्हा नावातच 'क्लाइस्टचं स्वप्न' घातलं. प्रयोग हे पण लेखच असतात, फक्त कात्रीने आणि दिव्यांनी लिहिलेले.

इतिहासाबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. खरा होम्बुर्गचा फ्रीडरिश त्या लढाईत ४२ वर्षांचा होता, एक पाय त्याने १६५९ ला कोपनहेगनच्या वेढ्यात गमावला होता, दोन लग्नं झाली होती, आणि त्याला मृत्युदंड वगैरे काही झाला नव्हता. ही आख्यायिका क्लाइस्टपर्यंत आली त्याच्या मागे फ्रेडरिक द ग्रेटने लिहिलेला घराण्याचा इतिहास होता. म्हणून एखादा लेख 'प्रत्यक्षात इलेक्टरने असं केलं' म्हणून नाटकातला इलेक्टर समजावत असेल तर सावध व्हा. उलट बाजूनेही सावध, १८१२ च्या शेवटी टाउरोगेनला प्रशियाचा सेनापती यॉर्कने राजाला न विचारता रशियनांशी करार केला त्याचा संबंध या नाटकाशी फार जण लावतात. वाचायला छान वाटतं, पण क्लाइस्ट तोवर वर्षभर मातीत होता.

भाषांतरातून वाचत असाल तर शेवटच्या त्या उत्तरासाठी तरी मूळ जर्मन बघा. चारच शब्द आहेत, 'आइन ट्राउम, वास झोन्स्ट'. मोठ्याने तीन वेळा म्हणा. एकदा बेशुद्धीतून उठलेल्या पोराला थोपटल्यासारखं, एकदा हसत, आणि एकदा अगदी गंभीर होऊन, खरंच दुसरं काय असणार म्हणून. तिन्ही बसतात. आणि लगेच पुढच्या ओळीत सगळे ओरडतात की ब्रांडेनबुर्गचे सगळे शत्रू मातीत जावोत, आणि पडदा. कोटविट्झच्या उत्तराचा सूर तुम्ही कुठला धरता त्यावर ही आरोळी आनंदाची होते की अंगावर येते हे ठरतं. ज्या लेखाने सूर न ठरवताच अर्थ सांगितलाय त्याला मी निम्मेच मार्क देतो.

मग स्वतःचं लिहायला बसा. एक दावा, तो ज्या ओळीवर उभा आहे ती ओळ, आणि त्याला न जुमानणारी एक तरी ओळ, तीही पूर्ण ताकदीने. माझा दावा असा की इलेक्टरने आधी काहीच ठरवलेलं नव्हतं, चौथ्या अंकातल्या त्या आश्चर्यानंतर तो रस्ता शोधत जातो, आणि चिठ्ठी ही पहिल्यांदा त्याची स्वतःची सुटका आहे, प्रिन्सची नंतर. माझ्या विरोधात जाणारी जागा पाचव्या अंकात आहे. प्रिन्सचं उत्तर वाचल्यावर इलेक्टर दोन कागद मागवतो, मृत्युदंडाचा आदेश आणि स्वीडिश राजदूताचा पास, आणि हे तो अधिकाऱ्यांचे युक्तिवाद ऐकायच्या आधी करतो. म्हणजे तेव्हाच ठरलं होतं? सही करायला मागवला की फाडायला? नंतर फाडतो हे खरं, पण मागवताना काय मनात होतं ते क्लाइस्ट सांगत नाही, आणि या वेळी कंसात काहीच नाही. हे मी लेखात लपवलं नाही, मधोमध ठेवलं.

आणि एखादी जागा अशी राहीलच की जी कुठल्याच घरात जाणार नाही, तिला जबरदस्तीने कोंबू नका. माझ्यासाठी ती शेवटून दुसऱ्या प्रवेशात आहे. डोळ्यांवर पट्टी, काही क्षणांत गोळ्या झाडल्या जाणार अशी प्रिन्सची समजूत, अमरत्वाला हाक मारून झालीय, आणि त्याला रात्री फुलणाऱ्या कुठल्याशा फुलाचा वास येतो. सोबतचा अधिकारी श्ट्रान्झ म्हणतो नाही, ही दुसरीच आहेत, कार्नेशन वगैरे, कुणा मुलीने लावलेली दिसतात, तुला एक देऊ का? आणि मरायला निघालेला हा माणूस म्हणतो, दे, घरी गेल्यावर पाण्यात ठेवीन.